पापाचं दरपत्रक

पापाचं प्रायश्चित्त म्हणून सांगितलेला सात वर्षांचा उपवास तीन दिवसांत कसा उरकायचा? अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये पाद्र्यांसाठी जी मार्गदर्शक टिपणं लिहिली गेली, त्यांत याचं उत्तर आहे. सवलत सगळ्यांना नाही. माणूस बडा हवा आणि त्याच्या पदरी भरपूर माणसं हवीत. त्याने स्वतः शस्त्रं आणि दागिने उतरवायचे, हातात काठी घ्यायची, अनवाणी चालायचं, अंगाला टोचणारं लोकरी कापड घालायचं आणि पलंगावर झोपायचं नाही. सोबत बारा जण गोळा करायचे. त्यांनी तीन दिवस भाकरी, पालेभाजी आणि पाण्यावर राहायचं. मग सात वेळा एकशेवीस माणसं आणायची आणि त्यांनीही तीन-तीन दिवस उपास करायचा.

कागद-पेन्सिल घेऊन बसा. बारा त्रिक छत्तीस. सात गुणिले १२० म्हणजे ८४०, त्याची तिप्पट २५२०. एकूण २५५६. आणि सात वर्षांचे दिवस किती? २५५५, त्यात लीप वर्षाचा एक धरला की बरोबर २५५६. हा योगायोग नाही. सात वर्षांत जितके दिवस, तितके उपवास भरतात, असं त्या मजकुरातच म्हटलं आहे.

वाचून हसू येतं. श्रीमंतांची चलाखी म्हणून आपण ते सोडूनही देतो. मला मात्र त्या चलाखीपेक्षा त्यामागचं गणित जास्त विचित्र वाटतं. पाप दिवसांत मोजता येतं, हे आधी कुणीतरी मान्य केल्याशिवाय ही बेरीज मांडताच येत नाही. मग ते मान्य कुणी आणि कधी केलं?

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काही शतकांत असं मोजमाप नव्हतं. बाप्तिस्म्याने आधीची सगळी पापं धुतली जात. त्यानंतर खून, व्यभिचार किंवा धर्मत्याग असं मोठं काही हातून घडलं, तर जाहीर प्रायश्चित्त घ्यायचं, तेही आयुष्यात एकदाच. अंगावर खरखरीत कापड, डोक्यात राख, प्रार्थनेच्या वेळी इतरांपासून वेगळी जागा, आणि शेवटी सगळ्यांसमोर बिशपच्या हातून पुन्हा प्रवेश. दुसऱ्यांदा घसरलात तर वाट बंद. अशा व्यवस्थेत लोक काय करतील ते सांगायला नको. त्यांनी प्रायश्चित्त मरणशय्येपर्यंत लांबवलं, काहींनी तर बाप्तिस्माच. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो घेतला ३३७ साली, अगदी शेवटच्या आजारात.

वेगळी वाट निघाली ती आयर्लंडमधून. तिथे रोमन पद्धतीची शहरं नव्हती, मठ होते. मठातला तरुण आपल्या मनातलं एखाद्या अनुभवी भिक्षूला सांगे. त्याला आयरिशमध्ये ‘अनम्खारा’ म्हणत. अनम् म्हणजे जीव आणि खारा म्हणजे मित्र, थोडक्यात आपला ‘जिवलग’. हे सांगणं खाजगीत चाले आणि हवं तितक्या वेळा करता येई. कुठल्या दोषाला काय सांगावं याच्या छोट्या पुस्तिका सहाव्या-सातव्या शतकात लिहिल्या गेल्या. फिनियन नावाच्या भिक्षूची त्यांतली जुनी, कुम्मियन या दुसऱ्या भिक्षूची नंतरची.

या पुस्तिका म्हणजे सरळ दरपत्रकं आहेत. दारू पिऊन झिंगलात? व्रतस्थ असाल तर भाकरी-पाण्यावर ४० दिवस, संसारी असाल तर ७. दर माणसागणिक बदलतो, आणि वरच्या माणसाला तो चढा आहे, हे लक्षात ठेवा. फिनियनने कारणही दिलंय: संसारी माणूस या जगाचा, म्हणून इथे त्याचा दोष हलका आणि परलोकातलं बक्षीसही कमी.

हे मोजणं दोन ठिकाणांहून आलं असावं. एक म्हणजे कायदा. आयरिश समाजात प्रत्येक माणसाच्या मानाची किंमत त्याच्या दर्जानुसार ठरलेली असे, आणि अपमान, जखम किंवा खून यांची भरपाई त्या मापाने होई. दुसरं वैद्यक. विरुद्धाने विरुद्ध बरं होतं हे ग्रीक वैद्यांचं सूत्र या भिक्षूंनी आत्म्याला लावलं. त्यांच्यातल्याच कोलंबानसने लिहिलं आहे: बडबड्याला मौन, खादाडाला उपास, झोपाळूला जागरण. पापी म्हणजे गुन्हेगार कमी आणि रुग्ण जास्त. उपवासाचे दिवस म्हणजे औषधाची मात्रा.

हाच कोलंबानस इसवी सन ५९०च्या सुमारास फ्रान्समध्ये उतरला आणि पुढे इटलीत बॉबियोला मठ बांधून ६१५ साली वारला. त्याच्यासारख्या भटक्या भिक्षूंबरोबर या पुस्तिका युरोपभर पसरल्या. वरिष्ठ मंडळींना त्या मुळीच आवडल्या नाहीत. पाप करावं तितक्या वेळा माफी मागावी, या प्रथेवर ५८९च्या स्पेनमधल्या टोलेडोच्या धर्मसभेने कडक शब्दांत झोड उठवली होती. ८१३ साली शालोंच्या सभेने या पुस्तिकांविषयी म्हटलं, ‘यांतल्या चुका पक्क्या आहेत, लेखक अनिश्चित आहेत.’ सोळा वर्षांनी पॅरिसच्या सभेने तर त्या शोधून जाळायला सांगितलं. जळून संपल्या नाहीत, कारण गावच्या पाद्र्याला जेमतेम लॅटिन येई आणि समोर गुडघे टेकून बसलेल्या माणसाला काहीतरी आकडा सांगावा तर लागेच.

आकड्याच्या आधी प्रश्न विचारावे लागत, आणि खरी गंमत तिथे आहे. जर्मनीतल्या वर्म्सचा बिशप बुर्कहार्ड याने १०१०च्या आसपास वीस भागांचा धर्मनियमसंग्रह तयार केला. त्याच्या एकोणिसाव्या भागाला ‘सुधारक’ आणि ‘वैद्य’ अशी नावं आहेत. त्यात पाद्र्याने विचारायचे जवळपास दोनशे प्रश्न आहेत. एक प्रश्न बायकांसाठी: काही बायका करतात तसं तू केलं आहेस का? कपडे काढून सर्वांगाला मध फासायचा, जमिनीवर चादरीत पसरलेल्या गव्हावर लोळायचं, अंगाला चिकटलेले दाणे वेचून जातं उलटं, म्हणजे सूर्याच्या फिरण्याविरुद्ध, फिरवून दळायचे आणि त्याची भाकरी नवऱ्याला खायला घालायची, म्हणजे तो खंगत जातो. केलं असशील तर ४० दिवस भाकरी-पाणी.

दुसरा प्रश्न पावसाचा. पाऊस ओढ देतो तेव्हा गावातल्या मुली एका लहान मुलीला विवस्त्र करून गावाबाहेर नेतात. ती उजव्या करंगळीने खुरासनी ओव्याचं रोप मुळासकट उपटते, ते तिच्या उजव्या पायाच्या करंगळीला दोरीने बांधतात. हातात डहाळ्या घेतलेल्या बाकीच्या मुली तिला नदीत नेऊन पाण्याचा शिडकावा करतात, मग खेकड्यासारखं उलटं चालवत परत आणतात. शिक्षा २० दिवस. ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत कडुलिंबाचा पाला बांधलेल्या पोरावर घरोघर पाणी ओतलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे फार परकं वाटू नये.

वर्म्सच्या आसपास खरोखर असं घडत होतं का? इतिहासकारांचं यावर एकमत नाही. या पुस्तिकांचे लेखक एकमेकांची सर्रास नक्कल करत, त्यामुळे एखादं पाप चारशे वर्षं नुसतं कागदावरच फिरत राहिलेलं असू शकतं. पण पावसाच्या प्रश्नात त्या रोपाचं लॅटिन नाव दिल्यावर लेखक पुढे सांगतो की जर्मनमध्ये याला ‘बेलिसा’ म्हणतात. नुसती नक्कल करणारा माणूस इतकी तसदी कशाला घेईल? मला तरी इथे कुणीतरी गावात कान देऊन ऐकलेलं दिसतं.

मोजणीचा कळस रणांगणावर झाला. १०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या सैन्याने इंग्रजांना हरवलं. त्यानंतर काही वर्षांत नॉर्मंडीच्याच बिशपांनी या विजयी सैन्यावर प्रायश्चित्त लावलं आणि पोपचा दूत एर्मनफ्रिड याने त्याला मान्यता दिली. मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष. घाव घातला पण तो मेला की जगला माहीत नाही, तर ४० दिवस. किती जणांना मारलं तेच आठवत नसेल, तर जन्मभर आठवड्यातून एक दिवस, किंवा त्याऐवजी चर्च बांधायचं अथवा कायमचं दान लावून द्यायचं. तिरंदाजांची अडचण वेगळी होती. बाण कुणाला लागला ते त्यांना कळणार कसं? त्यांच्यासाठी ४० दिवसांचे तीन उपवासकाळ असा सरसकट दर.

‘त्याऐवजी’ हा शब्द महत्त्वाचा. आजारी माणूस किंवा प्रवासी उपास कसा करणार? म्हणून बदली ठरवणं भागच होतं. आठव्या शतकातल्या एका आयरिश तक्त्यात लांबच्या प्रायश्चित्ताऐवजी करायच्या गोष्टी आहेत: पाण्यात झोपणं, खाजकुइरीसारख्या झाडपाल्यावर झोपणं, फोडलेल्या कवचांवर झोपणं, थडग्यात प्रेताशेजारी झोपणं. म्हणजे वेळ कमी, त्रास जास्त. पण एकदा दिवसाला बदली मिळाली की पुढचा सौदा सोपा होतो. इंग्लंडमधल्या त्या टिपणांत पाद्र्याने केलेल्या एका मिस्सेने, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेने, १२ दिवसांचा उपवास फिटतो, दहा मिस्सांनी चार महिने, तीसांनी वर्ष. एका दिवसाला एक पेनी हाही दर आहे.

धोका कुणाला दिसला नव्हता असं नाही. ७४७ साली क्लोव्हेशो इथल्या इंग्रज धर्मसभेपुढे एका श्रीमंताची तक्रार आली. त्याचं म्हणणं, मी तीनशे वर्षं जगलो तरी पुरेल इतकं प्रायश्चित्त माझ्यासाठी इतरांनी उपास करून आणि स्तोत्रं म्हणून आधीच उरकलं आहे. सभेने त्याला झाडलं. अडीचशे वर्षांनी त्याच देशात ८४० माणसांचा हिशोब लिहिला गेला.

बाराव्या शतकात विद्वानांनी कृतीपेक्षा हेतूकडे आणि मनातल्या पश्चात्तापाकडे लक्ष वळवलं. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने प्रत्येक जाणत्या स्त्री-पुरुषाला वर्षातून एकदा तरी आपल्या पाद्र्याकडे पाप कबूल करणं सक्तीचं केलं, आणि ते गुपित फोडणाऱ्या पाद्र्याला जन्मभर मठात डांबायचं ठरवलं. (सिनेमात दिसतो तो जाळीचा लाकडी खोका मात्र मध्ययुगातला नाही, तो सोळाव्या शतकात आला.) हीच वार्षिक सक्ती पोर्तुगिजांबरोबर गोव्यात पोचली. कोंकणीतला ‘कुमसार’ हा शब्द पोर्तुगीज ‘कोन्फेसार’वरूनच आला.

पाद्री आता पूर्वीसारखी वर्षानुवर्षांची शिक्षा देत नसत. पण जुनं माप काही गेलं नाही. उरलेली फेड मेल्यावर शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाआधीच्या पापं फेडायच्या जागी, करायची, आणि ती कमी करणारं माफीपत्र दिवसांतच मोजलं जाई. त्याच लॅटरन सभेने बिशपांना मर्यादा घातली: चर्चच्या उद्घाटनाला फार तर एक वर्षाची माफी, वर्धापनदिनाला ४० दिवसांची. हे ४० दिवस म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रायश्चित्ताचे दिवस. झिंगलेल्या आयरिश भिक्षूचं एकक जसंच्या तसं पुढे आलं होतं.

तारीख नक्की सांगता येईल असा युरोपातला खिळेछपाईचा सर्वांत जुना कागदही असं माफीपत्रच आहे, सायप्रसच्या रक्षणासाठी पैसा उभारायला काढलेलं. त्याची एक प्रत एर्फुर्टमध्ये २२ ऑक्टोबर १४५४ रोजी विकली गेली. एकतीस ओळींचा मजकूर, मधे शाईने भरायला रिकाम्या जागा: घेणाऱ्याचं नाव, ठिकाण, तारीख. माफीच्या दिवसांचा आकडा भरायला जागा सोडलेली नाही. ही माफी पूर्ण होती.