प्लुटो-कुन आणि जपानच्या वर्गातला अणू

'दोनेन' या जपानच्या सरकारी अणुइंधन महामंडळाने १९९३ साली एक छोटी ॲनिमेशन फिल्म काढली. नायक प्लुटो-कुन, म्हणजे साक्षात प्लुटोनियम, अणुभट्टीचं इंधन आणि अणुबॉम्बचाही कच्चा माल: गोंडस चेहरा, डोक्यावर हेल्मेट. लोक मला उगाच घाबरतात, ही त्याची तक्रार. एका प्रसंगात एक जण प्लुटोनियम मिसळलेलं पाणी चक्क पितो आणि प्लुटो-कुन समजावतो, की ते पोटात फारसं शोषलं जात नाही, बहुतेक बाहेर पडतं. शास्त्राच्या दृष्टीने हे फारसं चूक नाही. पण खरा धोका श्वासावाटे जाणाऱ्या कणांचा, आणि प्रेक्षकाच्या लक्षात राहतो तो पाण्याचा पेला! पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या ऊर्जामंत्री हेझल ओ'लिअरी यांनी फिल्मवर आक्षेप घेतला.

तेव्हाच ही फिल्म का निघाली? १९९२च्या नोव्हेंबरात 'अकात्सुकी मारू' हे जहाज फ्रान्सहून सुमारे दीड टन प्लुटोनियम घेऊन जपानकडे निघालं आणि जगभर ओरड झाली. प्लुटोनियमवर चालणारी दोनेनची मोंजू अणुभट्टीही सुरू व्हायची होती. लोकांची मनधरणी करणं भाग होतं.

अशा मनधरणीची सवय जुनीच. १९७४च्या कायद्यांनी वीजप्रकल्प घेणाऱ्या गावांकडे अनुदान वळवलं. सार्वजनिक इमारती झाल्या, मिंधेपणही आलं. फुकुशिमा प्रकल्पाशेजारच्या फुताबात १९८०च्या दशकाच्या अखेरीस सहावीतल्या एका मुलाने गृहपाठ म्हणून घोषवाक्य लिहिलं: 'अणुऊर्जा, उज्ज्वल भविष्याची ऊर्जा'. गावाने ते मुख्य रस्त्यावरच्या कमानीवर चढवलं. २०११च्या फुकुशिमा अणुअपघातानंतर ओस पडलेल्या गावात ती कमान २०१५पर्यंत उभी होती.

डिसेंबर १९९५मध्ये मोंजूत भट्टीतली उष्णता वाहून नेणाऱ्या सोडियमची गळती झाली. दोनेनने घटनास्थळाचं चित्रीकरण काटछाट करून दाखवलं आणि ते उघडकीस आलं. फिल्म काढण्यात हौशी असलेली संस्था खरी फिल्म मात्र दडवत होती. पुढे १९९८मध्ये तिची पुनर्रचना झाली.

तरी वर्गातला सूर बदलला नाही. २०१०मध्ये शिक्षण मंत्रालय आणि ऊर्जा विभागाने शाळांसाठी अणुऊर्जेवर पूरक पुस्तकं काढली. मोठा भूकंप, त्सुनामी आली तरी प्रकल्प टिकतील, असं मुलांना सांगितलं. मार्च २०११नंतर ती मागे घ्यावी लागली. त्याच ऑक्टोबरात किरणोत्सर्गावरची नवी पुस्तकं आली. त्यांत क्ष-किरण होते, निसर्गातला किरणोत्सर्गही होता. फुकुशिमाचा उल्लेख तेवढा प्रस्तावनेत उरकला होता. टीका झाल्यावर २०१४च्या आवृत्तीत अपघाताला जागा मिळाली.