एका काळ्या टी-शर्टमागे शंभर ग्रॅम मीठ

नवा सुती कपडा पहिल्यांदा धुण्याआधी मिठाच्या पाण्यात भिजवावा, म्हणजे रंग पक्का होतो, हा सल्ला आजीपासून यूट्यूबपर्यंत सगळीकडे मिळतो. त्यात तथ्य नाही. रंग पक्का व्हायचा तो कारखान्यातच होतो. तिथं राहून गेलं असेल तर घरच्या बादलीत मूठभर मीठ टाकून काही साधत नाही. पण सुती कपड्याच्या रंगाचं मिठाशी नातं आहे खरं, आणि कापडउद्योगाच्या प्रदूषणातला सगळ्यात चिवट भाग त्या नात्यातूनच येतो.

आज बाजारात मिळणारे बरेचसे सुती कपडे रिॲक्टिव्ह डायनं रंगवलेले असतात. १९५४ मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत रॅटी आणि स्टीफन या रसायनतज्ज्ञांनी हे तंत्र शोधलं आणि १९५६ मध्ये ‘प्रोसिऑन’ नावानं हे रंग बाजारात आले. त्यांचं वैशिष्ट्य असं, की डायचा रेणू कापसातल्या सेल्युलोजशी थेट सहसंयुज बंध जोडतो. एकदा जोडला गेला की कितीही धुवा, सुटत नाही.

पण तो तंतूपर्यंत पोचणं हीच अडचण. पाण्यात भिजलेल्या कापसावर किंचित ऋण प्रभार येतो. डायच्या रेणूला पाण्यात विरघळता यावं म्हणून सल्फोनेट गट जोडलेले असतात, तेही ऋण. चुंबकाची सारखी टोकं समोरासमोर आणावीत तसे दोघं एकमेकांना ढकलतात आणि डाय पाण्यातच तरंगत राहतो. इथं मीठ कामाला येतं. सोडिअमचे धन आयन तंतूभोवती गर्दी करतात आणि त्याचा ऋण प्रभार झाकून टाकतात. प्रभाराचा प्रभाव किती अंतरापर्यंत जाणवतो, याला डिबाय लांबी म्हणतात. साध्या नळाच्या पाण्यात ही लांबी काही नॅनोमीटर असते. लिटरमागे ५८ ग्रॅम मीठ घातलं की ती ०.३ नॅनोमीटरवर येते, म्हणजे दोन-तीन अणूंच्या रुंदीइतकी! आता डायचा रेणू तंतूला जवळजवळ चिकटेपर्यंत त्याला ढकललं जाण्याची जाणीवच होत नाही, आणि इतक्या जवळ आल्यावर हायड्रोजन बंध आणि व्हॅन डर वाल्स बलं, म्हणजे अगदी जवळूनच जाणवणारी रेणूंमधली आकर्षणं, त्याला धरून ठेवतात.

मग सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, घालतात. पीएच ११ च्या आसपास गेला की सेल्युलोजचे काही हायड्रॉक्सिल गट प्रोटॉन सोडून देतात आणि डायच्या क्रियाशील टोकावर तुटून पडतात. बंध जुळतो. मात्र याच वेळी पाण्यातले हायड्रॉक्साइड आयनही त्याच टोकावर टपलेले असतात. त्यांनी आधी गाठलं तर डायचं जलअपघटन होतं. असा डाय रंगानं तसाच दिसतो, तंतूतही जाऊन बसतो, पण त्याची बंध जोडण्याची क्षमता कायमची संपलेली असते. साधारण २० ते ४० टक्के डायची ही गत होते. तो काढायला कापड पुन्हा पुन्हा गरम पाण्यात धुवावं लागतं. डाईंग युनिटचं पाणी रंगवण्यापेक्षा या धुण्यातच जास्त जातं. आपल्या बादलीत पहिल्या धुण्याला उतरतो तो बहुधा यातलाच उरलेला डाय. मिठानं तो जरा वेळ अडून राहील, पण बंध कधीच जुळणार नाही.

आता हिशेब मांडू. टी-शर्ट १५० ग्रॅमचा, लिकर रेशो, म्हणजे कापडाच्या वजनाला पाण्याचं प्रमाण, एकास आठ; म्हणजे रंगाच्या टाकीत १.२ लिटर पाणी. गडद छटेला लिटरमागे ८० ग्रॅम मीठ धरलं तर ९६ ग्रॅम झालं. सोडा ॲश वेगळाच. आणि हे मीठ अभिक्रियेत कुठंच खर्ची पडत नाही. जेवढं टाकलं तेवढं सगळं सांडपाण्यात येतं. सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थ जिवाणू खातात, रंग ओझोननं किंवा क्लोरिननं तोडता येतो; मिठाला मात्र खाणारंही कोणी नाही आणि तोडणारंही कोणी नाही.

तमिळनाडूतल्या तिरुप्पूरनं याचे परिणाम भोगले. निटवेअरच्या निर्यातीत देशात अग्रेसर असलेल्या या शहराचं रंगीत, खारं पाणी कावेरीच्या उपनदीत, नोय्यलमध्ये जात राहिलं. शेतीला पाणी मिळावं म्हणून १९९२ मध्ये बांधलेलं ओरतुपाळयम धरण सांडपाण्याचा हौद होऊन बसलं. खालच्या अंगाच्या शेतजमिनी आणि विहिरी खारावल्या. शेतकरी कोर्टात गेले. २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं सांगितलं, की एक थेंबही बाहेर सोडायचा नाही. पालन झालं नाही, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये सातशेहून अधिक डाईंग युनिटं बंद करण्याचा आदेश निघाला.

एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, याचा अर्थ मीठ आणि पाणी वेगळं करायचं. आधी आरओ. पण पाणी काढून घेतलं की मागे राहणारं ब्राइन, म्हणजे खारं पाणी, दाट होत जातं आणि त्याचा परासरणी दाबही, म्हणजे पाणी पडद्यातून ढकलताना आरओच्या पंपाला ज्यावर मात करावी लागते तो दाब, चढतो: समुद्राच्या पाण्याला सुमारे २७ बार, लिटरला ८० ग्रॅम मीठ झालं की ६० बारच्या वर. त्यापुढं साधं आरओ चालत नाही, पाणी उकळावंच लागतं. एक हजार लिटर पाण्याची वाफ करायला ६२७ किलोवॅट-तास उष्णता लागते. म्हणून बहुपदरी इव्हॅपोरेटर लावतात. पहिल्या भांड्यातली वाफ दुसऱ्या, कमी दाबाच्या भांड्याला उकळवते, दुसऱ्यातली तिसऱ्याला. पंधरा-वीस मशिनच्या डाईंग मालकाला एकट्याला हे पेलवणारं नाही. तिरुप्पूरची युनिटं म्हणून सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांमध्ये, म्हणजे सीईटीपीमध्ये, एकत्र आली. सरकारनं बिनव्याजी कर्ज दिलं.

माझ्या मते खरी गंमत यापुढं आहे. रंगाला दोन प्रकारची मिठं चालतात: साधं मीठ, म्हणजे सोडिअम क्लोराइड, आणि सोडिअम सल्फेट, ज्याला ग्लॉबर्स सॉल्ट म्हणतात. साध्या मिठाची विद्राव्यता तापमानानं फारशी बदलत नाही. सोडिअम सल्फेट मात्र ३२ अंशांना १०० मिलीलिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम विरघळतं आणि शून्य अंशाला जेमतेम ५ ग्रॅम. म्हणजे दाट ब्राइन नुसतं थंड करा, आणि बहुतेक सल्फेट स्वच्छ स्फटिकांच्या रूपात खाली बसेल! उकळण्याचा खर्च वाचतो आणि ते मीठ पुन्हा रंगाच्या टाकीत जातं. पण गल्लीतली अर्धी युनिटं साधं मीठ आणि अर्धी ग्लॉबर्स वापरत असतील तर सीईटीपीच्या हाती शेवटी दोन्हींचं मळकट मिश्रण येतं, ज्याला गिऱ्हाईक नाही आणि जे साठवायला जागा नाही. म्हणून एका केंद्राच्या सगळ्या सभासदांनी एकच मीठ वापरायचं ठरवावं लागतं. धंद्यात एकमेकांचे स्पर्धक असले तरीही.

ब्रँडही एकत्र आले आहेत. ग्रीनपीसच्या २०११ च्या मोहिमेनंतर आदिदास, नाइकी, प्युमा, एचअँडएम, सीअँडए आणि ली-निंग यांनी मिळून झेडडीएचसी (झिरो डिस्चार्ज ऑफ हॅझार्डस केमिकल्स) हा कार्यक्रम सुरू केला. कारखान्यात कोणती रसायनं वापरायची नाहीत, याची सामायिक यादी त्यातून २०१४ मध्ये आली. काम मोलाचं आहे, पूर्वी प्रत्येक ब्रँडची यादी निराळी असायची. पण मीठ हे विष नाही, त्यामुळे ते अशा यादीत बसत नाही, आणि ते वेगळं करण्याचा खर्च डाईंगवाल्याच्याच माथी राहतो. तो कपड्याच्या खरेदी दरात धरला जायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

‘केमिकल-फ्री’ असा टॅग लावलेला गडद सुती कपडा दिसला तर विश्वास ठेवू नका. सेंद्रिय कापूसही रिॲक्टिव्ह डायनं रंगवला तर तेवढंच मीठ पितो. तसंच, जगातलं २० टक्के औद्योगिक जलप्रदूषण कापड रंगवण्यामुळे होतं, हा आकडा सगळीकडे फिरतो, पण मुळाशी गेलं तर त्यामागं ठोस मोजमाप सापडत नाही.

मिठाची गरजच संपवायची तर कापसाला आधीच धन प्रभार द्यायचा. असं कॅटायनिक कापड डायला स्वतःच ओढून घेतं. राल्फ लॉरेन हा कपड्यांचा ब्रँड आणि डाऊ ही रसायन कंपनी यांनी यावर मिळून काम केलं आणि २०२१ मध्ये ती पद्धत इतरांनाही वापरता यावी म्हणून खुली केली. त्यातही अडचण आहे: डाय इतक्या झपाट्यानं खेचला जातो, की कापड सगळीकडे सारखं रंगेलच असं नाही, आणि धन प्रभार देणारं रसायन बनवून हाताळावं लागतं ते वेगळंच.

आपल्याकडे इचलकरंजीच्या प्रोसेसिंग युनिटांचं पाणी आणि पंचगंगेचं प्रदूषण हा विषय दर उन्हाळ्यात पेटतो. त्या चर्चेत रंगाबद्दल आणि फेसाबद्दल बरंच बोललं जातं, कारण ते डोळ्यांना दिसतं. टीडीएसचे, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे आकडेही तितक्याच जोरानं मागायला हवेत, आणि सोबत हेही विचारायला हवं, की कोणतं युनिट कोणतं मीठ वापरतं.