देवाशी एका भाषेत, डॉक्टरशी दुसऱ्या

'तुमची भाषा कोणती?' फॉर्मवर या प्रश्नाला एक रकाना पुरतो. पण ज्या गावात सकाळपासून रात्रीपर्यंत माणसं दोन-तीन भाषांत ये-जा करतात, तिथे या उत्तरावर संशोधक फारसा विसंबत नाही. लोक खोटं बोलतात असं नाही. विचारणारा समोर बसला की आपण शोभेल तेच सांगतो, इतकंच.

मग आडवळणाने विचारावं लागतं. १९६०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅनडातल्या माँट्रियलमध्ये मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना काही ध्वनिमुद्रणं ऐकवली आणि आवाजावरून माणूस कसा वाटतो ते नोंदवायला सांगितलं. हुशार? विश्वासू? उंच? मेख अशी, की दोन्ही भाषा सफाईने बोलणारी तीच माणसं एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये वाचत होती. ऐकणाऱ्यांना याचा पत्ता नव्हता. इंग्रजी भाषकांनी इंग्रजी आवाजांना झुकतं माप दिलं, यात नवल नाही. पण फ्रेंच भाषकांनीही इंग्रजी आवाजांनाच झुकतं माप दिलं, आणि काकणभर जास्तच. सरळ विचारलं असतं तर हे कोणी कबूल केलं असतं?

भाषेच्या अभ्यासक सुझन गॅल यांची पद्धत मला याहून आवडते, कारण तिच्यात फसवाफसवी नाही. ऑस्ट्रियातलं ओबरवार्ट हे गाव १९२१पर्यंत हंगेरीत होतं. तिथली शेतकरी घरं पिढ्यानपिढ्या हंगेरियन बोलत आली, आणि भोवताली सगळी जर्मन. १९७०च्या दशकात गॅल तिथे राहिल्या. कोण कोणाशी कुठल्या भाषेत बोलतं ते पाहून त्यांनी एक तक्ता मांडला. डावीकडे वयानुसार माणसं आणि वरच्या रकान्यांत समोरचा माणूस: देव, आजी-आजोबा, आईवडील, शेजारी, नवरा-बायको, मुलं, सरकारी अधिकारी, डॉक्टर. म्हाताऱ्यांच्या ओळीत जवळपास सगळीकडे हंगेरियन होती. वय उतरत गेलं तशी डॉक्टरच्या बाजूने जर्मन एकेक रकाना पुढे सरकत येत होती. देवाच्या रकान्यात मात्र तरुणांचीही हंगेरियन टिकून होती.

या सरकण्यात तरुण मुली मुलांच्या पुढे होत्या. हंगेरियन म्हणजे शेत, गोठा आणि न संपणारं काम; जर्मन म्हणजे कारखाना, पगार, शहर. मुलींना शेतकऱ्याची बायको व्हायचं नव्हतं, आणि त्यांनी ते भाषेतून सांगून टाकलं. शेतकरी मुलांनी मग आसपासच्या गावांतल्या जर्मनभाषक मुलींशी लग्नं केली. त्यांची मुलं अर्थातच जर्मन बोलू लागली. हंगेरियन ज्यांनी धरून ठेवली, त्यांच्याच घरातून ती निघून गेली.

याच्या उलटं, म्हणजे भाषा शेजारी राहूनही टिकल्याचं, उदाहरण आपल्याकडचं आहे. सांगलीजवळच्या कुपवाडवर भाषाअभ्यासक जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा निबंध १९७१मध्ये आला आणि भाषाविज्ञानात कुपवाडचं नाव झालं. तिथे कन्नड, मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू शतकानुशतकं शेजारी नांदत होत्या. त्यांची व्याकरणं एकमेकींच्या इतकी जवळ आली होती, की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येई. मराठीत 'पाला जरा कापून घेऊन आलो', तर तिथल्या उर्दूत 'पाला जरा काट के ले के आया'. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी, म्हणून कुपवाडची मराठीसुद्धा 'नदी आली'ऐवजी 'नदी आलं' म्हणू लागली. (शाळेच्या निबंधात असं लिहिलं असतं तर लाल रेघ ठरलेली.)

पण मग चार भाषांची एकच का झाली नाही? शब्द हटून बसले म्हणून. 'कापून' आणि 'काट के' यांतलं अंतर कोणीही मिटवलं नाही. गंपर्झ आणि विल्सन यांचं म्हणणं असं, की घरातली, नात्यागोत्यातली भाषा वेगळी ऐकू येणं हीच तिथे आपल्या गटाची खूण होती. रोजचा व्यवहार सोपा व्हावा म्हणून वाक्याची घडण बदलली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. शब्द बदलला की घरचे लगेच कान टवकारतात. आणि गटागटांमधल्या बोलण्यासाठी मराठी चालून गेली, याचं एक कारण त्यांनी असं दिलं, की गावातल्या वरचढ गटांपैकी कोणाचीच ती घरची भाषा नव्हती.