विद्युत वाहन अभियांत्रिकीतील पदव्युत्तर प्रवेश: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

विद्युत वाहन अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करताना बहुतेक उमेदवारांचे लक्ष पदवीच्या एकूण गुणांवर असते. छाननी समिती मात्र उमेदवाराने पदवीला कोणते विषय घेतले होते आणि ते किती खोलवर शिकवले गेले, हेही तितक्याच बारकाईने पाहते. बॅटरीचे रसायनशास्त्र, इन्व्हर्टरमधील (बॅटरीच्या डीसी विजेचे मोटरसाठी एसी विजेत रूपांतर करणाऱ्या साधनातील) पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, मोटरची रचना आणि या सर्वांवर नियंत्रण ठेवणारे सॉफ्टवेअर या वाहनात एकत्र येते आणि पदवीची कोणतीही एक शाखा हे सगळे पूर्णपणे शिकवत नाही.

पात्रतेसाठी सामान्यतः विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स, यंत्र, ऑटोमोबाईल किंवा मेकॅट्रॉनिक्स शाखेतील अभियांत्रिकी पदवी लागते. बॅटरीवर भर असलेल्या काही अभ्यासक्रमांत रसायन किंवा धातू अभियांत्रिकीचे पदवीधरही चालतात. यंत्र शाखेच्या उमेदवाराकडे बहुधा पॉवर इलेक्ट्रॉनिक्स नसते, तर विद्युत शाखेच्या उमेदवाराकडे वाहन गतिकी आणि उष्णता संक्रमण नसते. अशी उणीव असल्यास काही विद्यापीठे पूरक विषय पूर्ण करण्याच्या अटीवर प्रवेश देतात, काही थेट अर्ज नाकारतात. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी पूर्वअटींची यादी आपल्या गुणपत्रकांशी विषयवार ताडून पाहावी.

कागदपत्रांत पदवी प्रमाणपत्र (निकाल नुकताच लागला असल्यास तात्पुरते प्रमाणपत्र), सर्व सत्रांची गुणपत्रके, विद्यापीठाने दिलेली अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (सर्व विषय आणि गुणांचा एकत्रित उतारा), परिचयपत्र, उद्देशपत्र, दोन किंवा तीन शिफारसपत्रे आणि परदेशी अर्जासाठी पासपोर्ट यांचा समावेश होतो. या यादीत सहसा नसलेले, पण माझ्या मते सर्वाधिक उपयोगी कागदपत्र म्हणजे सविस्तर अभ्यासक्रमाची विद्यापीठाने प्रमाणित केलेली प्रत. गुणपत्रकावर केवळ ‘विद्युत यंत्रे, ४ श्रेयांक’ एवढीच ओळ असते. त्या विषयात फक्त रोहित्र आणि डीसी मोटर शिकवली, की विद्युत वाहनांत सर्रास वापरली जाणारी कायम चुंबकाची सिंक्रोनस मोटर आणि तिचे व्हेक्टर नियंत्रणही (टॉर्क अचूक राखण्याची पद्धत) शिकवले, हे अभ्यासक्रमाच्या पानावरूनच कळते, आणि विद्युत वाहनाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. ही प्रत मिळण्यास विद्यापीठात वेळ लागू शकतो, त्यामुळे तिची मागणी सर्वांत आधी नोंदवावी.

भारतात एम.टेक. प्रवेशासाठी प्रामुख्याने गेट या राष्ट्रीय पातळीवरील अभियांत्रिकी परीक्षेचे गुण ग्राह्य धरले जातात आणि ते निकालापासून तीन वर्षे वैध असतात. एनआयटींच्या जागांसाठी सीसीएमटी या समुपदेशन प्रक्रियेत नोंदणी करावी लागते. आयआयटींत मात्र त्या त्या संस्थेकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि प्रवेशाचा प्रस्ताव सीओएपी या सामाईक व्यवस्थेतून स्वीकारला जातो. केवळ सीओएपीवर नोंदणी करणे म्हणजे अर्ज करणे नव्हे. आपण दिलेला गेटचा पेपर निवडलेल्या अभ्यासक्रमाला चालतो का, हेही तपासावे.

परदेशी विद्यापीठांसाठी आयईएलटीएस किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षे, तर जीआरई या पदव्युत्तर प्रवेशाच्या सामान्य क्षमता परीक्षेचे पाच वर्षे वैध असतात. मात्र जीआरई सर्वत्र मागितली जात नाही. युरोपातील दोन वर्षांचा अभ्यासक्रम साधारणपणे १२० ईसीटीएस (युरोपची सामाईक श्रेयांक पद्धत) श्रेयांकांचा असतो, तर ब्रिटनमधील पूर्णवेळ पदव्युत्तर पदवी बहुधा एका वर्षात १८० ब्रिटिश श्रेयांकांची असते. दोन्हींचे मोजमाप निराळे असल्यामुळे या आकड्यांची थेट तुलना करू नये.

उद्देशपत्रात पर्यावरणावरील सर्वसाधारण विधानांपेक्षा स्वतः केलेल्या कामाला जागा द्यावी. बॅटरीतील शिल्लक प्रभार अजमावण्यासाठी काल्मन फिल्टर (सदोष मोजमापांतून खरे मूल्य अंदाजणारी गणिती पद्धत) वापरला असेल, तर कोणत्या सेलवर, कोणत्या तापमानाला आणि किती त्रुटीने, हे तीन-चार वाक्यांत लिहावे. शिफारसपत्रही शक्यतो तो प्रकल्प पाहिलेल्या प्राध्यापकांकडूनच घ्यावे.

अर्ज दाखल करण्यापूर्वी पासपोर्ट, गुणपत्रके आणि परीक्षेचे निकालपत्र यांवरील नावाचे स्पेलिंग आणि क्रम जुळवून पाहावा. वडिलांचे नाव एका कागदावर मध्ये आणि दुसऱ्यावर गाळलेले असेल, तर विद्यापीठाने मागितल्याप्रमाणे प्रतिज्ञापत्र किंवा दुरुस्त प्रमाणपत्र सोबत जोडावे. दाखल केलेल्या अर्जाची प्रत आणि शुल्काची पावती प्रवेश निश्चित होईपर्यंत जपून ठेवावी, कारण मूळ कागदपत्रांच्या पडताळणीच्या वेळी अर्जात भरलेला तपशील त्यांच्याशी ताडून पाहिला जातो.