गुहागर-विजापूर रस्ता आणि त्याखालची माती

पावसाळ्यात खड्ड्यांच्या बातम्या सुरू झाल्या की एक विधान हमखास ऐकू येते : जिथे पाऊस जास्त, तिथे रस्ता लवकर खराब होतो. गुहागरहून निघून चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कराड, विटा आणि जत असा प्रवास करत विजापूरला पोहोचणारा रस्ता हे विधान तपासून पाहण्यासाठी फार उपयोगी आहे. पूर्वी राज्यमार्ग असलेल्या आणि आता १६६-ई या क्रमांकाने राष्ट्रीय महामार्ग झालेल्या या ३०० हून अधिक किलोमीटरच्या वाटेवर कोयनानगर परिसरात वर्षाला सुमारे ४,५०० ते ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो, कराडला तो ७०० च्या आसपास येतो आणि जत तालुक्यात ५०० ते ६०० एवढाच उरतो. पावसाचे प्रमाण हेच एकमेव कारण असते, तर जतकडे रस्त्याची काळजी करण्याचे कारणच उरले नसते. तरीही खोल काळ्या मातीवरून जाणाऱ्या डांबरी रस्त्याला कडेशी समांतर, लांबच लांब भेगा पडतात, आणि त्या रुंदावतात त्या ऐन उन्हाळ्यात.

मार्ग जुना आहे. दाभोळ हे आदिलशाहीचे महत्त्वाचे बंदर होते आणि तेथून वाशिष्ठीच्या खाडीने चिपळूणकडे आलेला माल सह्याद्री चढून कराडमार्गे देशावर जात असे. कराड तर त्याहून कितीतरी प्राचीन आहे. मध्य प्रदेशातील भारहूतच्या प्राचीन बौद्ध स्तूपावरील लेखांत येथील दात्यांचा उल्लेख सापडतो. वाट नेमकी येथूनच का गेली, याचे उत्तर भूगोलात आहे. महाबळेश्वरहून दक्षिणेकडे वाहत आलेली कोयना हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे कुंभार्लीची एक अवघड चढण संपली, की पुढे नदीनेच कोरून ठेवलेले सौम्य उताराचे खोरे थेट कराडपर्यंत नेते. विसाव्या शतकात कोयना प्रकल्पामुळे घाटमाथ्यावरील धरण आणि पायथ्याचे, वीजनिर्मितीचे ठिकाण असलेले पोफळी यांना जोडणारा दुवा म्हणून या रस्त्याचे महत्त्व आणखी वाढले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या मार्गाखाली बहुतेक सर्वत्र खडक एकच आहे : सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला बेसाल्ट. पण एकाच खडकापासून दोन अगदी वेगळ्या माती तयार झाल्या. भरपूर पाऊस आणि चांगला निचरा असेल, तर झिजणाऱ्या बेसाल्टमधील कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि हळूहळू सिलिकाही वाहून जाते व लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतात. गुहागरच्या सड्यांवरील, म्हणजे सपाट खडकाळ माळांवरील, लाल जांभा तो हाच, आणि त्यातील चिकणमातीचे मुख्य खनिज असते केओलिनाइट. पाऊस कमी असेल, तर हे घटक जागेवरच राहतात आणि त्यांच्यापासून मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज जुळून येते. काळ्या मातीचा सारा स्वभाव या खनिजात आहे.

मॉन्टमोरिलोनाइटचा प्रत्येक थर जेमतेम एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा एक अब्जांश, जाडीचा असतो आणि असे असंख्य थर पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक थरात दोन सिलिकाच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा एक पत्रा असतो. स्फटिक घडताना काही ठिकाणी तीन धनभारांच्या ॲल्युमिनियमची जागा दोन धनभारांचे मॅग्नेशियम घेते, त्यामुळे थरावर ऋणभार शिल्लक राहतो आणि तो फेडण्यासाठी दोन थरांच्या मधल्या फटीत कॅल्शियम किंवा सोडियमचे आयन, म्हणजे धनभारित अणू, येऊन बसतात. पाण्याचा रेणू ध्रुवीय असल्याने, म्हणजे त्याचे एक टोक किंचित धन व दुसरे किंचित ऋण असल्याने, तो या आयनांभोवती गोळा होतो व थरांना दूर ढकलतो. थराच्या जाडीसह धरलेले हे अंतर पाण्याच्या एकेका पदरासरशी १ नॅनोमीटरवरून १.२५, मग १.५, मग १.९ असे टप्प्याटप्प्याने वाढते. कॅल्शियम दोन्ही बाजूंच्या थरांना ओढून धरत असल्याने वाढ साधारण येथे थांबते. सोडियम असेल तर ती पुढेही चालू राहते. केओलिनाइटमध्ये मात्र थर हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून पाण्याला आत शिरताच येत नाही. एक ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइटचे आतले-बाहेरचे मिळून पृष्ठफळ ७०० ते ८०० चौरस मीटर भरते, तर केओलिनाइटचे १० ते २० चौरस मीटर.

हा फरक प्रयोगशाळेत साध्या डोळ्यांनी दिसतो. बारीक चाळलेली १० ग्रॅम कोरडी माती एका मोजनळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या मोजनळीत रॉकेलमध्ये टाकून, ढवळून, हवा काढून २४ तास ठेवतात. रॉकेल ध्रुवीय नसल्याने त्यात माती फुगत नाही. पाण्यातली मात्र फुगून वर येते. दोन पातळ्यांमधील फरक हा रॉकेलमधल्या पातळीच्या किती टक्के आहे, त्यावरून माती किती धोक्याची ते ठरते. जांभ्याच्या मातीत हा फरक नगण्य असतो, तर काळ्या मातीत तो ५० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतो.

रस्त्याखाली हेच घडते, पण असमानपणे, आणि सारे नुकसान या असमानतेमुळे होते. डांबराने झाकलेल्या मध्यभागाखालचा ओलावा वर्षभर जवळपास स्थिर राहतो. बाजूपट्ट्या उघड्या असल्याने तेथली माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मध्य स्थिर आणि कडा दरवर्षी वरखाली होणाऱ्या, अशा स्थितीत डांबराचा थर कडेपासून थोड्या अंतरावर लांबीच्या दिशेने ताणला जाऊन फाटतो. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगेतून थेट खाली उतरते आणि कोरडी असताना दगडासारखी वाटणारी माती भिजून आपली भार पेलण्याची बहुतेक ताकद गमावते. मग खड्डा पडतो आणि दोष पावसावर जातो. माळावरच्या मुरमातून ओढ्याकाठच्या काळ्या मातीत रस्ता उतरतो तिथे हा त्रास अधिक, कारण काही मीटरांतच फुगणारी आणि न फुगणारी जमीन शेजारी येते.

असा पट्टा वर्षानुवर्षे खचत राहिला की जागा वाईट आहे म्हणून तिथे नारळ फोडला जातो. जागेत काहीही वाईट नसते. खड्डा घेऊन मातीचा नमुना तपासला की कारण हाती लागते. दुसरीकडे, सिमेंट काँक्रीट केले की प्रश्न कायमचा मिटतो, हा दावाही तितकाच पोकळ आहे. खालची माती तशीच ठेवली, तर कड आकसताच काँक्रीटच्या ताठ लादीचा आधार सुटतो आणि ती तडकते.

खरे उपाय मातीशी निगडित आहेत. वरची काळी माती काढून मुरूम भरणे, बाजूपट्ट्याही पाणी न झिरपणाऱ्या करणे, गटारे रस्त्याच्या पायापासून दूर नेणे, किंवा मातीत सुमारे ३ ते ६ टक्के चुना मिसळणे. चुन्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते, कणांचे गुच्छ बनवते आणि पुढे काही आठवडे-महिने मातीतील सिलिका व ॲल्युमिनाशी अभिक्रिया करून सिमेंटसारखे बंध तयार करते.

टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांमुळे या दुष्काळी टापूत कृष्णेचे पाणी पोहोचले आहे, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण त्याने रस्त्यालगतच्या जमिनीचे ओलाव्याचे वेळापत्रकही बदलते. जिथे पूर्वी एप्रिलमध्ये माती भेगाळलेली असे, तिथे कडेच्या शेतात उसाला पाणी चालू असेल, तर एक बाजूपट्टी फुगलेली आणि समोरची आकसलेली असू शकते. पाटाचे किंवा शेताचे पाणी जिथे रस्त्याला भिडते, तिथे अस्तर केलेले गटार पावसाळ्याइतकेच उन्हाळ्यातही लागते, आणि रस्त्याची पाहणी जूनपूर्वी एकदाच करून आता भागणार नाही.