मे महिन्यात कॉलेज बंद असतं, पण रक्त तर लागतंच

१५ ऑगस्ट असो की एखाद्या नेत्याचा वाढदिवस, नागपुरात रक्तदान शिबिरं लागतात, पोट्टे रांगेत उभे राहतात, आणि खरंच छान वाटतं ते पाहून. पण मे मध्ये पारा ४५ च्या घरात गेला, होस्टेलं रिकामी झाली की मग मेडिकल-मेयो या सरकारी दवाखान्यांच्या आजूबाजूला नातेवाईक डोनर शोधत फिरतात आणि व्हॉट्सअॅपवर "अर्जंट बी निगेटिव्ह" सुरू होतं. शिबिरातलं रक्त कुठे गेलं मग? संपलं, नाहीतर त्याची मुदत संपली.

रक्ताच्या एका बॅगेतून लाल पेशी, प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) आणि प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) वेगळ्या करतात. प्लाझ्मा गोठवला की वर्षभर टिकतो, लाल पेशी २ ते ६ डिग्रीला ३५, फार तर ४२ दिवस. आणि प्लेटलेट्स फक्त ५ दिवस! त्यांना फ्रीज चालतच नाही, २० ते २४ डिग्रीला मशीनवर सारख्या हलवत ठेवाव्या लागतात. मी ते मशीन जवळून पाहिलंय, पन्ह्याच्या रंगाच्या चपट्या पिशव्या पाळण्यासारख्या डुलत होत्या आणि प्रत्येकीवर शेवटची तारीख. म्हणजे डेंग्यूच्या सीझनमध्ये कामी येणाऱ्या प्लेटलेट्स त्याच आठवड्यात कोणीतरी दिलेल्या असतात, आधी साठवून ठेवायची सोयच नाही.

थॅलेसेमिया, म्हणजे अंगात रक्त नीट तयारच न होण्याचा जन्मजात आजार, असलेल्या लेकरांना तर दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, जन्मभर. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंटही भरपूर आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना अधूनमधून लागतं. त्यांच्यासाठी एका दिवशी ५०० जण येण्यापेक्षा रोज थोडे थोडे आलेले केव्हाही बरे, असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक, एचआयव्ही किंवा कावीळ बी-सी ची लागण अगदी ताजी असली तर टेस्टमध्ये ती लगेच दिसेलच असं नाही. जो स्वतःहून, नियमित देतो त्याचं रक्त दरवेळी तपासलं जातं, म्हणून ते जास्त भरवशाचं.

अशक्तपणा येईल म्हणून बरेच जण घाबरतात. अंगात साधारण ५ लिटर रक्त, त्यातलं ३५० मिली घेतात, पातळ भाग एक-दोन दिवसात भरून निघतो, लाल पेशींना काही आठवडे लागतात, लोहाला त्याहून जास्त, म्हणून पुरुषांनी ९० आणि बायकांनी १२० दिवस थांबायचं. हिमोग्लोबिन १२.५ पाहिजे, कमी निघालं तर ते घेतच नाहीत, मग डॉक्टरला विचारून खाण्यापिण्याकडे नीट लक्ष द्यायचं आणि परत जायचं. आणि उन्हाळ्यात उपाशीपोटी नका जाऊ, भरपूर पाणी पिऊन जा.

मी फेब्रुवारीत दिलं होतं, म्हणजे मे मध्ये परत नंबर लागतो, मोबाईलमध्ये रिमाइंडर टाकून ठेवलाय. या वेळी रूममेटही येतोय. त्याचं वजन ५२, त्याला इतकी वर्षं वाटायचं की आपल्याला घेणारच नाहीत, ४५ किलो पुरतं हे त्याला परवाच कळलं.