जड रॅकेट, पण जड कुठे?

इंदुरात वर्षानुवर्षं बॅडमिंटन खेळलेला माणूस पॅडलची (काचेच्या भिंतींच्या कोर्टात टेनिससारख्या चेंडूने खेळायचा खेळ) रॅकेट पहिल्यांदा हातात घेतो तेव्हा हमखास म्हणतो, "बाप रे, बरीच जड आहे की!" साहजिक आहे. बॅडमिंटनची रॅकेट जेमतेम 85 ग्रॅमची, ही 350 ते 380 ग्रॅमची. हिला तारा नसतात. फोमचा गाभा, वरून फायबरचे थर आणि आरपार भोकं. त्यातही तुम्ही "मला स्मॅश मारायला आवडतं" म्हणालात, की दुकानदार हिऱ्याच्या आकाराची, आणखी जड रॅकेट पुढे करतो. आपण ती तळहातावर तोलतो आणि खूश होतो.

तोलून वजन कळतं, पण फटक्याचा जोर वजन कुठे आहे यावर ठरतो. रॅकेट फिरवताना तिच्यातल्या प्रत्येक ग्रॅमचा विरोध हातापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. मुठीच्या टोकापासून 5 सेंटीमीटरवर 10 ग्रॅम वाढवले आणि तेच 10 ग्रॅम 40 सेंटीमीटरवर वाढवले, तर अंतर आठपट, पण फिरवताना जाणवणारा बोजा 64 पट! काट्यावर दोन्ही रॅकेटी सारख्याच. हिऱ्याच्या आकारात वस्तुमान वरच्या बाजूला, म्हणजे मुठीपासून दूर सरकलेलं असतं. चेंडू नेमका बसायची जागाही वर जाते आणि लहान होते. गोल रॅकेटमध्ये ती मोठी आणि मधोमध असते. थेंबाच्या आकाराची या दोघींच्या मधली.

मग वर जड असण्याचा फायदा किती? समजा, चेंडू 58 ग्रॅमचा आहे आणि जिथे तो आदळतो तिथे रॅकेट 180 ग्रॅमच्या वस्तूसारखी वागते. ते 190 केलं, तर जवळजवळ स्थिर चेंडूवर मारलेल्या स्मॅशचा वेग दीड टक्काही वाढत नाही. हात तेवढ्याच प्रमाणात मंदावला की सगळी कमाई गेली, आणि तिसऱ्या सेटमध्ये तो मंदावतोच. मला तर वाटतं, जड रॅकेटचं खरं कौतुक व्हॉलीत, म्हणजे टप्पा पडण्याआधीच मारलेल्या फटक्यात आहे. समोरून वेगाने आलेला चेंडू तिला मागे ढकलू शकत नाही, मनगट वळत नाही, आणि नुसती आडवी धरली तरी चेंडू जोरात परत जातो. दुकानात याबद्दल कुणी बोलत नाही.

टणकपणाचंही असंच. कार्बनचा पृष्ठभाग आणि गाभ्यात कडक ईव्हीए (रबरासारखा) फोम म्हणजे ताकद, असा समज आहे. हात झपाट्याने फिरत असेल तर तो बरोबर आहे. सावकाश फटक्याला मात्र मऊ फोमच चेंडू जास्त लांब फेकतो. कडक रॅकेट तिथे ढिम्म राहते, आणि चेंडू मधोमध बसला नाही तर हादरा थेट कोपरात. बॅडमिंटनवाल्यांना मनगटाच्या झटक्याची सवय असते. त्यांनी वर जड आणि शिवाय कडक रॅकेट एकदम घेऊ नये, टेनिस एल्बोला, म्हणजे कोपराच्या दुखण्याला आमंत्रण आहे ते.

घेताना स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक पेन्सिल पुरते. कंपन्या बहुधा 360 ते 375 ग्रॅम असा पल्लाच छापतात, म्हणून स्वतः वजन करा. मग रॅकेट आडव्या पेन्सिलवर तोलून धरा आणि मुठीच्या टोकापासून तोलबिंदूपर्यंतचं अंतर मोजा. 25 सेंटीमीटरच्या आसपास असेल तर ती सोशिक, म्हणजे चुकार फटका सांभाळून घेणारी; 27 कडे गेली तर पक्की आक्रमक. वर जड वाटली तर मुठीवर आणखी एक ग्रिप गुंडाळा. पाच-सहा ग्रॅमने एकूण वजन वाढतं, पण तोलबिंदू खाली येतो आणि रॅकेट फिरवायला तेवढी जड होत नाही.

इंदूरकरांसाठी आणखी एक गोष्ट. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे. 2.54 मीटरवरून सोडलेल्या पॅडलच्या चेंडूने 135 ते 145 सेंटीमीटर उसळावं असा नियम आहे. 500 मीटरच्या वर मात्र त्याहून कमी उसळणारा चेंडू चालतो, कारण विरळ हवेत चेंडू जास्त उडतो. त्यात मे महिन्याच्या उन्हात चेंडूतला दाब वाढतो आणि रॅकेटचा फोम मऊ पडतो. म्हणून उन्हाळ्यात हातात छान बसलेली मध्यम टणक रॅकेट डिसेंबरच्या रात्री चांगलीच टणक लागते. खरेदी उन्हाळ्यात करत असाल तर एक पायरी मऊच घ्या, आणि ती गाडीत तापत ठेवू नका.